जिन्यावरचा अर्धा सूर

ब्राह्मणपाऱ्यात सरोजिनी पांढरीपांडे यांच्या गिटारच्या क्लासला जायचं तर दगडी जिना चढावा लागतो. अठरा पायऱ्या. अकराव्या पायरीवर जिना वळतो, आणि त्या वळणावर गेली आठ वर्षं रोज संध्याकाळी एक चोरटा प्रकार चालत आला होता. साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, तो ठाऊक होता, नव्हता तो एका सरोजिनीबाईंना.

पोट्टे-पोट्ट्या यायच्या, वळणावर टेकायच्या, खोळीतून गिटार काढायच्या आणि नीट लावलेल्या सहाही तारा एकेक करून अर्धा सूर खाली उतरवायच्या. मग साळसूद चेहऱ्यानं वर. तासाभरानं खाली येताना त्याच वळणावर तारा पुन्हा चढवायच्या आणि आपापल्या घरी. खालच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेली शेवंताबाई वर न बघता विचारायची, "काय रे, उतरवली का? का तसाच चाललास मार खाले?" तिला सूर कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण कोण विसरलं ते बरोबर कळायचं.

कारण असं, की वर खोलीत बाबारावांची पेटी होती.

बाबाराव म्हणजे सरोजिनीबाईंचे वडील. रेल्वेत मालबाबू, मूळ वर्धेकडचे, नोकरीनं या हिंदी मुलखात आलेले; जाऊन बावीस वर्षं झाली. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून भजनी माणूस आपला सूर सांगतो; पट्टी जितकी वरची तितका गळा दमदार. भजनी मंडळीतले बाकीचे काळी एकला घामाघूम व्हायचे, आणि बाबाराव एक घर पुढे, पांढरी दोनला, खुशाल गायचे. लेकीनं त्याच पेटीवर कान तयार केला आणि मग आयुष्यभर प्रत्येक गिटार त्याच पेटीला लावली. घरातल्या घड्याळावर कोणी शंका घेतं का? मग त्या पेटीवर कोण घेणार? आणि ती पेटी जगाच्या अर्धा सूर खाली बोलत होती.

पूर्वी कुणाला पत्ता नव्हता. रेडिओवरची गाणी पेटीपेक्षा चढी लागायची, तर सरोजिनीबाई म्हणायच्या, "कंपनीवाले टेप पळवतात, वेळ वाचवाले." पण मग पोरांच्या हातात फोन आले आणि फोनमध्ये सूर दाखवणारा काटा आला. श्रेयस नावाच्या पंधरा वर्षांच्या पोट्ट्यानं भर क्लासात तो काटा पुढे केला.

"दीदी, पेटी उतरी हुई है."

"पेटी नाही उतरली," सरोजिनीबाई म्हणाल्या, "तुझा कान चढला. आता तू उतर. पूर्ण जिना."

श्रेयस उतरला तो परत चढला नाही. दुसऱ्या दिवशी क्लासात सगळ्यांचे फोन खुंटीवरच्या कापडी पिशवीत गेले, आणि अकराव्या पायरीवरचा उद्योग सुरू झाला.

आता बाई वाईट होत्या का? मुळीच नाही. तोंडानं फटाकडी, पण शिकवणं असं की आधी पोराकडून चाल गाऊन घेणार, बोटानं मांडीवर ठेका धरायला लावणार, आणि गळ्यातून निघाल्याशिवाय तारेला हात लावू देणार नाही. वय छप्पन, तरी सगळ्यांची दीदी; कुणी नव्या पोट्टीनं 'आंटी' म्हटलं तर तिच्याकडून एक सरगम शंभर वेळा. लग्नाचं विचाराल, तर पाऱ्यात सांगतात की एक स्थळ मुलगा आरतीला बेताल टाळ्या वाजवतो म्हणून मोडलं. सरोजिनीबाईंच्या मते हे साफ खोटं आहे. तशी स्थळं दोन होती.

या बाईंची सगळ्यात जुनी शिष्या दीक्षा गजभिये. बीरगांवची. वडील उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. अकराव्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात कुणाची तरी गिटार ओढून वाजवायला लागली तेव्हा वडिलांनी तिला हाताला धरून या जिन्यावर आणून सोडलं. आता चोवीसची, विलायती बोर्डाच्या आठव्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा दिलेली, स्वतः मुलांना शिकवणारी. मराठी तिला सगळी कळते, बोलताना मात्र हिंदीच निघते. अर्धा सूर उतरवण्याचा तिचा हात इतका बसला होता की वळणावर उभ्या उभ्या, खोळ खांद्यावरून न काढता, वीस सेकंदांत सहा तारा.

जुलैत सरोजिनीबाईंनी तिला एकटीला थांबवून घेतलं. दार लावलं. शाळेतला एक कागद पुढे केला.

एकोणीस वर्षं त्या एका शाळेत कंत्राटावर गिटार शिकवत होत्या. पोट त्याच शाळेवर होतं, क्लास नुसता जीवाला. आता नवी प्राचार्या आली होती. ज्याच्याकडे त्या विलायती बोर्डाच्या पाचव्या ग्रेडचं प्रमाणपत्र, थिअरी आणि वादन दोन्ही, त्यालाच पुढच्या वर्षी ठेवणार. परीक्षा डिसेंबरपर्यंत दिलेली हवी. नाही जमलं तर जागेवर दुसरा माणूस तयार होता.

"कोण?" दीक्षाने विचारलं.

"तोच. चढलेल्या कानाचा."

श्रेयस.

"मले ती रेघोट्यांची भाषा येत नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. नजर भिंतीकडे. "पाच रेघा अन त्याच्यावर अंडी घातलेली. तू शिकवशील का? अन पाह्य, खाली शेवंताले कळलं तर तुझी खैर नाही."

शेवंताबाईला दुसऱ्या दिवशी कळलं, हे वेगळं सांगायला नको.

आणि अशी उलटी गंगा सुरू झाली. रविवारी दुपारी गुरू पाटावर पेन्सिल घेऊन आणि शिष्या समोर. सरोजिनीबाई विद्यार्थी म्हणून भयंकर होत्या. आपल्या पोरांना ज्या ज्या गोष्टींसाठी त्यांनी रडवलं होतं त्या सगळ्या स्वतः करायच्या: घरचा अभ्यास विसरणं, मध्येच चहा ठेवायला उठणं, चूक दाखवली की पेन्सिलीवर दोष ढकलणं.

"हा सी म्हणजे कुठला सा?"

"दीदी, सी मतलब सी. उसकी जगह फिक्स है."

"सा तर कुठंही ठेवता येते! माणसाच्या गळ्याप्रमाणं. हे काय, सगळ्यांनी एकाच खुर्चीवर बसाचं?"

"हव. एक ही कुर्सी."

"गरीब आहे बाप्पा तुमची थिअरी."

पण एकदा दीक्षाने सुरांचं चक्र काढून दाखवलं, सी पासून पाचवा जी, जी पासून पाचवा डी, असं फिरत फिरत बारा घरं होऊन पुन्हा सी, आणि बाईंनी वही आपल्याकडे ओढली. बोटानं चक्र फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, हा तर आपला पंचम. प्रत्येक सूर आपल्या पंचमाचं बोट धरून चालला हाये." आणि पुढच्या पंधरा मिनिटांत शार्प कसे वाढतात, फ्लॅट कसे, हे त्यांनी दीक्षालाच असं समजावून दिलं की आठवी ग्रेड पास झालेल्या पोरीला ते तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. डोकं होतं. थिअरीची भीती नव्हती.

भीती वादनाची होती, आणि ती एकट्या दीक्षाला होती.

परीक्षेत तीन पीस. त्यातले दोन बोर्डाच्या तयार ट्रॅकबरोबर वाजवायचे: ढोल, बेस, कीबोर्ड सगळं रेकॉर्ड केलेलं, आपण फक्त गिटार घालायची. ट्रॅक जगाच्या सुरात, बाईंची गिटार बाबारावांच्या सुरात. पहिल्या दिवशी ट्रॅक ऐकवायची वेळ आली तेव्हा दीक्षा बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. पण सरोजिनीबाई पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या, पेटी नुकतीच पुसलेली होती, आणि जिन्यानं उतरणाऱ्या श्रेयसची पाठ दीक्षाला आठवली. तिनं फोनमध्ये एक बटण दाबलं. ट्रॅक अर्धा सूर खाली आला. बाईंनी पहिल्या फटक्यात बरोबर पकडला, डोळे मिटून हसल्या आणि म्हणाल्या, "कंपनी चांगली हाये. टेप पळवत नाही."

पुढच्या रविवारी सांगू, असं दीक्षाने ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. असे तीन महिने गेले. खोटं बोलणं सोपं. ते दर रविवारी पुन्हा वाजवणं कठीण. शाळेतले कीबोर्डवाले सर तर तिच्याही पुढचे: त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या कीबोर्डचं सूर बदलायचं बटण एक घर खाली दाबून ठेवलं होतं, भांडण नको म्हणून. सगळ्या गावानं मिळून एका बाईचा मान सांभाळला होता, आणि सांभाळून सांभाळून तिला नेमकी खड्ड्याच्या काठाशी आणून उभी केली होती.

थिअरीचा पेपर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी झाला. बाई बाहेर आल्या त्या टुणकन. "एकच चुकलं. बाकी सगळं पंचमानं सांगितलं." आता उरलं वादन. पंधरा दिवसांनंतरचा रविवार, सकाळी अकरा चाळीस. तिथल्या यंत्रावर ट्रॅक लागणार होता तो अस्सल, न उतरवलेला.

गुरुवारी ती गोल बाजारात भैय्यालालकडे गेली. भांड्यांच्या गल्लीच्या मागे, दोन दुकानांच्या बेचक्यात, सत्तरीपलीकडचा हा म्हातारा पेट्या दुरुस्त करत बसतो. दीक्षाची युक्ती अशी होती: दीदी शाळेत गेल्या की याला घेऊन जायचं, पेटी गुपचूप बरोबर करायची. मग दीदी आपोआप त्या पेटीला गिटार लावतील. कुणाला काही सांगायलाच नको.

"ब्राह्मणपारा में? पांढरीपांडे जी की पेटी?" भैय्यालालने चष्मा वर केला आणि खांदे हलवत असा हसायला लागला की मांडीवरचा भाता खाली पडला. "आधा सुर नीचे है ना? हव, मालूम है. मैंने ही किया है."

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी बाबाराव पेटी डोक्यावर घेऊन एकटेच आले होते. गळा त्यांचा काळी एकचाच, मंडळीतल्या सगळ्यांसारखा. पण पांढरी दोनची हौस. भैय्यालालने पेटीच्या आतला एकेक सूर काढून शेजारच्या घरात बसवला होता, म्हणजे बोट पांढरी दोनवर आणि आवाज काळी एकचा. पुढच्या एकादशीला बाबारावांनी पांढरी दोन धरली, आणि साऱ्या मंडळीनं तोंडात बोट घातलं. बाकीचे त्याच पेटीवर गायला बसले की त्यांनाही एक घर वर झेपायला लागलं असणार, पण ते बिचारे आपल्या जुन्या पट्टीलाच धरून राहिले. माणूस स्वतःबद्दल इतकं चांगलं मानायला घाबरतो.

"कसम दिलाए थे. घर में किसी को नहीं बताना," भैय्यालाल म्हणाला.

"तो वापस कर दीजिए. आधे दिन का काम है."

"पेटी का आधे दिन का है," म्हातारा हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत म्हणाला. हसणं थांबलं होतं. "बाई के कान का? वो घर आके पहला सुर दबाएगी और बोलेगी पेटी बिगड़ गई. फिर तेरी गिटार भी उसको बिगड़ी लगेगी, तेरा ट्रॅक भी, और तू भी. कान के अंदर का सुर कौन सरकाएगा, बेटी? मेरे पास वो पेचकस नहीं है."

दीक्षा परत फिरली. आता दोन गोष्टी पोटात होत्या. एक सांगायची, एक काही झालं तरी नाही सांगायची.

शनिवार उजाडला. उद्या परीक्षा. दुपारी दोनला ती वर गेली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा वळणावर न थांबता. शेवंताबाईनं मान वर केली. "काय वं दीक्षा, उतरवली नाही?" दीक्षा तशीच वर गेली.

सरोजिनीबाईंनी नवीन साडी खुर्चीवर काढून ठेवली होती. गिटार पुसून लख्ख. "लाव तुझा ट्रॅक. एकदा तिन्ही पीस काढू, मग तुले पोहे देते."

दीक्षाने ट्रॅक लावला. जसा आहे तसा.

चार ठोके पडले. बाईंनी पहिला कॉर्ड मारला आणि खोलीत असं काही वाजलं की खिडकीतलं कबूतर उडालं. त्यांनी हात उचलला. "ट्रॅक बिघडला."

"ट्रॅक सही है, दीदी."

"काल-परवापर्यंत बरोबर होता ना!"

"मैं नीचे करके बजाती थी. तीन महीने से. आपकी गिटार नीचे है. आधा सुर."

"माझी गिटार पेटीले लागली हाये."

"पेटी भी."

रस्त्यावरून स्कूटरवाला हॉर्न वाजवत गेला, तोही कुठल्याशा सुरात.

"श्रेयस हेच म्हणत होता," त्या म्हणाल्या.

"हाँ."

"अन बाकीचे? एवढे पोट्टे येतात, सगळ्यांकडे फोन हाये. बाकीचे काय करून राहिले, दीक्षा?"

दीक्षाने सांगितलं. वळण, अकरावी पायरी, उतरवणं, चढवणं, आठ वर्षं. सांगताना तिला वाटलं होतं बाई ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सरोजिनीबाई उठून दाराशी गेल्या आणि वरून जिन्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"शेवंतालेही माहीत?"

"जी."

"शाळेतल्या कीबोर्डवाल्या सरांले?"

"वो बटन दबा के बजाते हैं."

"म्हणजे येडी एक मीच." बाई वळल्या. आवाज अगदी खाली. "मी चुकत होती, ते ठीक. माणूस चुकते. पण तुम्ही रोज माझ्या जिन्यावर बसून माझी चूक आपल्या हातानं लावत होते, अन वर येऊन म्हणत होते, 'दीदी, बरोबर लागली का?' अन मी म्हणत होती, 'शाबास.'"

"दीदी, मैंने सोचा—"

"बाबा पांढरी दोनला गात होते या पेटीवर. ती पेटी खोटी कशी बोलेल?"

या वाक्यावर दीक्षाने दात आवळले. सांगून टाकलं असतं तर वाद एका क्षणात मिटला असता. तिने खाली मान घातली.

"जा तू."

"कल सुबह तार चढ़ाने पड़ेंगे, दीदी. आज चढ़ा लो तो रात भर में बैठ जाएँगे. कल चढ़ाओगे तो फिसलेंगे—"

"जा म्हणते ना! उद्या येऊ नको. अन जाताना वळणावर थांबू नको. सरळ जा."

रविवारी दीक्षा साडेदहालाच परीक्षेच्या ठिकाणी जाऊन उभी राहिली. येऊ नको म्हटलं म्हणून कोण थांबतं? एका हॉटेलचा वरचा मजला भाड्यानं घेतलेला, लांब बोळ, भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांवर आठ-दहा वर्षांची पोरं आणि त्यांच्याहून घाबरलेल्या आया. आणि खिडकीशी, हातात कुणा विद्यार्थ्याची गिटार घेऊन, श्रेयस. दाढी राखली होती. त्यानं दीक्षाकडे पाहिलं, भुवई उंचावली. "दीदी आ रही है ना?"

अकरा वाजले. अकरा दहा. अकरा वीसला सरोजिनीबाई आल्या. नवीन साडी, खांद्याला खोळ, चेहरा रिक्षातल्या धुळीनं की कशानं करडा. साऱ्या बोळानं वळून बघितलं. आजी कुणाला सोडायला आली असंच सगळ्यांना वाटलं. त्या सरळ दीक्षापाशी येऊन बसल्या. तिच्याकडे न बघता.

"काल संध्याकाळी भैय्यालालकडे गेली होती मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, याले इचारू, पेटी खराब झाली असंन तर कधी झाली. तर म्हातारा सांगते, झाली नाही, केली. हसून सांगते! कसमेचं काय झालं म्हटलं, तर म्हणे आता आपण दोघंही म्हातारे झालो, कसम बी म्हातारी झाली."

दीक्षाने खोळीसाठी पायाशी जागा केली.

"तुले गुरुवारपासून माहीत होतं, म्हणे. तरी काल नाही बोलली."

"नहीं."

"एवढ्या अर्ध्या सुरासाठी बाप्पा!" बाई म्हणाल्या. ते वडिलांना उद्देशून होतं की स्वतःला, कुणास ठाऊक. मग त्यांनी खोळ उघडली. त्यांच्या गिटारला आजवर दुसऱ्याचा हात लागला नव्हता. ती त्यांनी उचलली आणि, श्रेयस बघतोय हे पक्कं माहीत असताना, दीक्षाच्या मांडीवर ठेवली. "लाव. तू लाव. मी लावली तर जुन्याच घरी नेऊन बसवीन."

"अभी? बीस मिनिट में? तार फिसलेंगे, दीदी."

"मग लवकर लाव."

उतरवायची सवय होती तिला, चढवायची कधी अशी घाई नव्हती. फोनवरचा काटा हिरवा झाला की पुढची तार. पुढची लावेतो मागची पुन्हा किंचित खाली. ताणायची, ओढायची, पुन्हा लावायची. सरोजिनीबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि प्रत्येक तार बरोबर लागली की त्यांच्या कपाळावर आठी पडत होती. "सगळं बेसूर लागून राहिलं," त्या पुटपुटल्या. आतून नाव पुकारलं गेलं.

दार बंद झालं. दीक्षा दाराला कान लावून उभी राहिली. लाजलज्जा गेली खड्ड्यात. दोन मिनिटांनी श्रेयसही तिच्या शेजारी.

पहिला पीस. चार ठोके, आणि गिटार ट्रॅकमध्ये अलगद उतरली. बरोबर. दीक्षानं श्वास सोडला. पण मध्यावर तिला ते ऐकू आलं: जाडी तार खाली सरकत होती. केसाएवढी, मग दोन केसांएवढी. नव्यानं ओढलेली तार आपल्या जुन्या जागी परत जायला बघते, आणि तिची जुनी जागा कुठली? बाबारावांची. गिटार जसजशी बिघडेल तसतशी दीदींच्या कानाला गोडच लागत जाणार. आत त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

पहिला पीस संपला. दुसऱ्याच्या आधी सूर तपासायला मुभा असते. एक तार वाजली. खुंटी करकरली. तार खाली गेली.

"गलत जा रही है," श्रेयस कुजबुजला. त्याच्या आवाजात मजा नव्हती.

तार पुन्हा वाजली. आणखी खाली. मग थांबली. बराच वेळ काहीच नाही.

मग आतून सरोजिनीबाईंचा आवाज आला, वर्गात हजेरी घेताना असायचा तसा ठणठणीत. "सर, एक ई दीजिएगा. मेरे कान का भरोसा नहीं है."

परीक्षक कोलकात्याहून आलेले होते. सकाळपासून त्यांनी पंधरा पोरांना असा ई, म्हणजे जाड्या तारेचा सूर, दिला असेल. त्यांनी मान वर केल्याचाही आवाज नाही. कीबोर्डवर एक बोट पडलं, बस. ई वाजत राहिला. त्याच्याखाली तार वर चढू लागली, हळू, अडखळत, आणि त्याला जाऊन मिळाली. मग दुसरी तार. मग तिसरी. दीक्षा दाराला टेकून खाली बसली.

सरोजिनीबाई बाहेर आल्या तेव्हा साडीची पाठ घामानं ओली होती.

"तिसऱ्या पीसमध्ये दोन ठिकाणी सूर खाल्ले मी," त्या म्हणाल्या.

"सुना मैंने."

"मग सांगितलं काहून नाही?"

"दरवाजा बंद था, दीदी."

बाईंनी श्रेयसकडे पाहिलं. तो वाकून नमस्कार करायला लागला तसं त्याचा खांदा धरून सरळ केला. "तुझा कान बरोबर होता," त्या म्हणाल्या. "जीभ तेव्हाही लांब होती. शाळेत माझी जागा मिळाली तर पोट्ट्यांकडून आधी गाऊन घेत जा." आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवशी पोहे मिळाले नाहीत कुणाला.

सहा आठवडे त्यांनी दीक्षाला फोन केला नाही. दीक्षानेही नाही. बीरगांवच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघताना तिच्या फोनवर दीदींचा निकाल आला, कारण फॉर्म तिनंच भरला होता; तिनं तो दोनदा वाचला आणि नंबर लावला.

"बोल," पलीकडून.

"थिअरी में चौरानवे."

"ते मले माहीत हाये. दुसरं सांग."

"पास होने को साठ लगते हैं."

"दीक्षा!"

"बासठ. दो ज़्यादा."

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला, भांडं असावं. "म्हणजे शाळा?"

"शाळा आपकी."

"श्रेयसले दुसरीकडं लागंन ना कुठी?"

"लग जाएगा, दीदी."

"बरं. रविवारी ये. सहाव्या ग्रेडचं पुस्तक घेऊन ये येताना. मले अजून राग हाये तुझा, सांगून ठेवते."

"कब तक रहेगा?"

"ते त्या पुस्तकात पाह्य. कुठल्या ग्रेडले संपते, लिहिलं असंन कुठीतरी."